उंबऱ्याशीं

इ. स. २०२० च्या उन्हाळ्यांत माझी धाकटी बहीण जालन्यांतील एका रुग्णालयांत परिचारिका होती. कोविडच्या रुग्णांजवळची पाळी संपवून ती घरीं येई, ती मागील दारानें थेट न्हाणीघरांत जाई. जेवणाचें ताट आम्ही तिच्या खोलीच्या उंबऱ्याशीं ठेवीत असूं.

"दादा, तो संरक्षक पोशाख चढवितांना नव्हे, उतरवितांना हात कांपतो," असें ती एकदां म्हणाली. बाहेरून चिकटलेला विषाणू त्याच वेळीं हातास लागावयाचा!

मला सावित्रीबाई फुले आठवल्या. पुण्याच्या प्लेगांत रोग्यांची शुश्रूषा करतां करतां त्या १० मार्च १८९७ रोजीं त्याच रोगानें वारल्या. उंदरांवरील पिसवा प्लेग पसरवितात, हें सिमाँ या फ्रेंच वैद्यानें पुढें १८९८ सालीं कराचीस दाखविलें. शत्रूची वाट सावित्रीबाईंना ठाऊक असणें शक्यच नव्हतें. माझ्या बहिणीस ती पाठ होती. तरीहि दुसऱ्या दिवशीं ती कामावर गेलीच.

ज्ञानानें भीति जाते, असें आपण म्हणतों. तिची गेली नव्हती. उलट त्या भीतीनेंच तिला पोशाखाचा एकेक बंद सावकाश सोडावयास शिकविलें. धैर्य म्हणजे निर्भयता, ही माझी जुनी समजूत मात्र त्या उंबऱ्याशींच गळून पडली.