ताठ उभा राहणारा

दुकानात तो नेहमी ताठ उभा असतो. पोटात कागदाचे बोळे किंवा पुठ्ठ्याची सुरळी, नळी सरळ, टाच जमिनीला घट्ट. एडिंबरात ऑक्टोबर लागला की प्रिन्सेस स्ट्रीटच्या काचांआड गुडघ्यापर्यंतच्या बुटांच्या रांगा लागतात आणि शेजारची सगळी पादत्राणं एकदम बुटकी वाटू लागतात. घोट्यापर्यंतच्या बुटाला पाऊल मिळालं की पुरतं. ह्याला नडगी हवी, पोटरी हवी, गुडघ्याची वाटी सुरू होईपर्यंतचा सगळा मुलूख हवा. त्याच्यात एक दरारा आहे, आणि तो मला मनापासून आवडतो. जानेवारीत इथला वारा नॉर्थ ब्रिजवर आडवा येतो तेव्हा लोकरी मोजे आणि जाड पॅन्ट जिथे हरतात, तिथे हा निवांत असतो.

पण त्याचा ताठा उसना आहे. आतला कागद काढा, म्हणजे मऊ चामड्याचा बूट घोट्यापाशी मान टाकतो. दुकानात त्याला कागद उभा ठेवतो, रस्त्यावर ते काम पोटरीला करावं लागतं. भरल्या पोटरीवर तो जन्मभर त्याच रुबाबात राहतो. बारीक पोटरीवर मात्र पहिल्या तासातच त्याचा स्वभाव बदलतो. नळी खाली बसते, घोट्यावर वळ्या पडतात, वरचं तोंड उघडं राहतं. कोटाच्या काठावरून ओघळणारं पाणी थेट आत उतरतं. प्रत्येक पावलाला वरची कड आधी नडगीवर आपटते, मग पोटरीवर. मोजा घसरत टाचेखाली जाऊन गोळा होतो. दिवसभर असं चाललं की पाय थकतो, कारण बूट पायाबरोबर चालत नसतो, पाय त्याला ओढत असतो.

ही तक्रार कुणी मनावर घेत नाही. बारीक असणं हे सुखच मानलं जातं, त्यामुळे ‘नशीबवान आहेस’ म्हणून विषय संपतो. काही जण जिने चढायला सांगतात. जिने चढावेत, त्यानं पाय बळकट होतात. पण पोटरीचा स्नायू किती खालपर्यंत येतो आणि टाचेकडे जाणारी कंडरा कुठून सुरू होते, हे माणूस जन्मतःच घेऊन येतो. स्नायू वरच थांबलेला असेल तर पाय खाली लांबवर सडपातळच राहणार. त्यात पायाचा काही दोष नाही, आणि पायानं बुटासाठी बदलावं ही अपेक्षाच मला चुकीची वाटते.

दोष शोधायचा तर ह्याच्या घडणीत शोधावा. बूट तयार होतो तो एका नमुन्याच्या मापावर, युरोपात बायकांसाठी बहुधा ३७ नंबरवर. त्या मापाच्या कलबुतावर, म्हणजे पावलाच्या साच्यावर, त्याचं पाऊल बेतलं जातं, त्याच्या जोडीला नळीचा कागदी साचा कापला जातो, आणि मग तोच साचा प्रमाणात वाढवत-घटवत बाकीचे नंबर निघतात. युरोपी मापात एक नंबर म्हणजे दोन तृतीयांश सेंटिमीटर. हा आकडा फक्त लांबी सांगतो. पाऊल लांब झालं की पोटरीही जाड होणार असं धरून नळीचा घेर त्याच्यामागे वाढवला जातो. मधल्या नंबरांत तो साधारण ३५ ते ३८ सेंटिमीटर असतो. पोटरी ३१ सेंटिमीटर असेल तर उरलेली जागा हवेची. पाऊल ४१ नंबरचं आणि पोटरी बारीक, अशा उंच सडसडीत बाईची तर दुहेरी अडचण. ठेंगण्या बाईची अडचण वेगळी: बुटाचा सगळ्यात रुंद भाग तिच्या पोटरीच्या रुंद भागापेक्षा वर येतो, म्हणजे घेर कागदावर बरोबर असूनही पायावर सैल पडतो. आपल्याकडच्या कितीतरी मुली इकडे आल्यावर बारीक पोटरी आणि कमी उंची ह्या दोन्ही अडचणी एकदम भोगतात आणि गुपचूप घोट्यापर्यंतचे बूट घेऊन घरी जातात. मला त्याचं वाईट वाटतं.

ह्याचं घराणं खरं तर घोड्यावरचं. घोडेस्वारीच्या सामानाच्या दुकानात त्याचा सख्खा भाऊ भेटतो, आणि त्याची शिस्त पाहिली की विश्वास बसतो. तिथे पावलाच्या नंबराबरोबर पोटरीचा घेर आणि नळीची उंचीही विचारतात. स्वार घोड्याशी पोटरीनं बोलतो. नळी सैल असली तर तो दाब घोड्यापर्यंत नीट पोचत नाही, वळ्या खोगिराला घासतात, रिकिबीचा पट्टा चिमटे काढतो. म्हणून तिथे बारीक पोटरी हे इतर मापांसारखंच एक माप असतं. नवा बूट मुद्दाम गुडघ्यामागे थोडा उंच घेतात, कारण वापरून घोट्यापाशी चामडं दुमडलं की तो आपोआप खाली बसतो. बारीक पोटरीच्या बाईनं, घोड्यावर कधीही बसायचं नसलं तरी, आधी ह्या दुकानाची पायरी चढावी असं माझं ठाम मत आहे.

शहरी बूट झाल्यावर हा घराण्याची शिस्त विसरला. १९६० नंतर झगे आखूड होत गेले आणि बूट त्यांच्या दिशेनं वर चढत गेला. १९६३ मध्ये पादत्राणं घडवणाऱ्या रॉजर व्हिव्हिएनं फॅशनकार ईव्ह सँ लॉराँसाठी तो थेट मांडीपर्यंत नेला. लंडनमध्ये बीबा ह्या दुकानातल्या स्वेडच्या बुटांसाठी रांगा लागत. तेव्हापासून त्याच्या रंगावर, टाचेवर, चकाकीवर अपार मेहनत झाली. पोटरीच्या घेरावर फारच थोड्यांनी केली. अमेरिकेत स्टुअर्ट वाइट्झमननं १९९३ मध्ये पुढून चामडं आणि मागून ताणलं जाणारं कापड असा बूट काढला, तो पायाला धरून बसतो. इंग्लंडात ड्युओ ह्या कंपनीनं एकाच नंबराच्या पावलाला पोटरीची अनेक मापं देऊ केली. ह्या दोन्ही गोष्टींचं मला मनापासून कौतुक आहे. बाकी बहुतेक ठिकाणी वरच्या कडेला इलॅस्टिकची पट्टी असते आणि तीच सोय म्हणून दाखवतात. पण ती पट्टी मोठ्या पोटरीसाठी ताणली जाते. बारीक पोटरीवर ती नुसतीच असते.

त्याची सगळ्यात नाजूक जागा कोणती, हे मला कोल्हापुरात कळलं. माहेरी गेले तेव्हा बूट बरोबर नेले होते. बिनचेनचे, ओढून घालायचे, नळी हवी त्याहून बरीच रुंद. सुभाषनगरातल्या कारागीर मामांच्या हातून आयुष्यभर चपला उतरलेल्या, तरी त्यांनी बूट असा काही हातात घेतला की मला धीर आला. मी पोटरी पुढे केली.

“ताई, आधी टाचंचं माप बघू, मग पोटरीचं.”

त्यांनी टेप टाचेच्या खालच्या टोकापासून पावलाच्या वरच्या घडीवरून फिरवला. माप पोटरीपेक्षा मोठं भरलं.

“बघा. पाऊल आत जायला एवढी वाट लागतीच. पोटरीगत शिवला तर बूट झकास दिसंल, पन पायात जायचा न्हाई.”

हे ऐकलं आणि त्याच्या स्वभावातली गाठ सुटली. ओढून घालायचा बूट पावलापेक्षा अरुंद होऊच शकत नाही, आणि बारीक पोटरी तर पावलाच्या त्या घेरापेक्षाही बारीक. त्याला दार हवं. जुन्या काळी बायकांच्या उंच बुटांना बटणांची रांग असे, ती आकड्यानं ओढून लावायची. नाहीतर नाडी. नाडीचा बूट आजही बारीक पायाचा खरा सोबती आहे, सकाळी पाच मिनिटं जास्त द्यायची तयारी असेल तर. मग चेन आली. गिडिअन सुंडबॅक ह्या अभियंत्यानं १९१३ मध्ये तिला आजच्यासारखं रूप दिलं, आणि १९२३ मध्ये बी. एफ. गुडरिच कंपनीनं ती रबरी बुटांवर बसवल्यावर ती घरोघर पोचली. पँटला आणि झग्याला तिची सवय होण्याआधी बुटाला झाली.

मामांनी आतल्या बाजूनं तळव्याजवळून वरपर्यंत चेन बसवायचं ठरवलं. मागची शिवण उसवली, बूट माझ्या पायात घातला, चांदीरंगी पेनानं खुणा केल्या. मग म्हणाले, “आता बसा खुर्चीवर.” बसल्यावर पोटरी पसरते, म्हणून उभ्यानं केलेल्या खुणा त्यांनी थोड्या बाहेर सरकवल्या. दोन्ही पाय वेगवेगळे मोजले, कारण ते सारखे नसतात. रापीनं कापताना दोन्ही बाजूंनी सारखंच कापलं. एका बाजूनं जास्त गेलं तर शिवण नडगीकडे वळते आणि बूट पायावर तिरका बसतो. एवढं सगळं करूनही त्यांनी मी मागितलं होतं त्याहून थोडं कमीच चामडं काढलं. चामडं वापरून सैलावतं, पण नळीचा मूळ डौल गेला तर परत येत नाही.

आता तो पायावर सरळ उभा राहतो. बर्फावर टाकलेल्या मिठाचे पांढरे डाग त्याला सोसत नाहीत, म्हणून घरी आल्यावर ओल्या फडक्यानं पुसते आणि हीटरपासून लांब वाळवते. रात्री नळीत मासिकाची सुरळी घालते. स्वेडपेक्षा जाडसर, गुळगुळीत चामडं बारीक पोटरीला बरं, असंही मला ह्याच्याच सहवासात उमगलं. पोटरीनं कमी आधार दिला तरी ते थोडं स्वतःच्या बळावर उभं राहतं. मुद्दाम वळ्या पाडलेले बूट पुन्हा दुकानांत दिसतात, तेही वाईट नाहीत. त्यांच्या वळ्या आखलेल्या असतात आणि तळातला घोटा घट्ट असतो. हा फरक हात घालून पाहावा.

माझी भाची आयर्लंडमध्ये गॉलवेला शिकायला आली आहे. तिची मापं काल व्हॉट्सॲपवर आली: डावी पोटरी ३०, उजवी साडेतीस, टाचेवरचा घेर ३१. संध्याकाळी, जाड मोजे घालून घे, असं सांगितलं होतं, तशीच तिनं घेतली आहेत. म्हणजे ओढून घालायचा बूट बाद. चेन पूर्ण उंचीची हवी, नळी ३२च्या वर नको, आणि ती उंचीनं लहान असल्यामुळे नळीची उंची ३६च्या आत. शनिवारी तिला आधी घोडेस्वारीच्या दुकानात जायला सांगितलं आहे. तिथे नाही मिळाला तर नाडीचा बघू.