थरथर डिस्कची, दुखणं हबचं

कोकणातल्या गॅरेजवाल्याला गणपतीचे दिवस वेगळ्या कारणाने लक्षात राहतात. कोल्हापूर-बेळगावकडून आंबोली उतरून आलेली, पंधरा वर्षं जुनी ऑल्टो नाहीतर वॅगनआर दारात उभी राहते आणि मालक उतरता उतरताच सांगतो, “मेस्त्री, बरेक मारल्यार स्टेरिंग थरथरता.” पुढचं निदानही तोच करून टाकतो: डिस्क वाकली. औषधही त्याच्याकडे तयार असतं, लेथवर टर्निंग.

बिडाची डिस्क अशी सहजासहजी वाकत नाही. ती झिजते, आणि सगळीकडे सारखी झिजत नाही. एका जागी शंभरातला एकदोन भाग मिलिमीटर जाड, दुसऱ्या जागी तेवढीच पातळ. एवढा फरक पुरतो. ती जागा लायनरखालून जाताना पिस्टन किंचित मागे ढकलला जातो, पुढच्या क्षणी परत येतो आणि हे धक्के पेडलपासून स्टेअरिंगपर्यंत पोचतात. ती वाकडी नसून जाडीला कमीजास्त आहे, हे गिऱ्हाइकाला पटवताना माझा निम्मा दिवस जातो.

या डिस्कवर किती भार पडतो त्याचा हिशेब एकदा करून पाहा. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंच आहे, सावंतवाडी शंभराच्या आसपास. माणसं-सामानासकट नऊशे किलोची गाडी खाली आणायची, तर वाटेत सुमारे पन्नास लाख ज्यूल उष्णता कुठेतरी सोडावी लागते. सोळा लिटर गार पाण्याला उकळी फुटेल एवढी ही उष्णता. इंजिनाने गाडी धरली तर तिचा बराच भाग तिथे खर्ची पडतो. न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्या शहाण्याचा मात्र सगळा बोजा ब्रेकवर, आणि त्यातला मोठा वाटा पुढच्या दोन डिस्कांवर येतो. गाडी ज्या गिअरात चढते त्याच गिअरात उतरवायची, हे जुने एसटी ड्रायव्हर सांगायचे. पेट्रोल वाचवण्याच्या नादात ते विसरलं गेलं. शिवाय नव्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत उतारावर गिअरात असताना इंजिन पेट्रोल घेतच नाही, तेव्हा न्यूट्रलमध्ये वाचत काहीच नाही.

डिस्क बदलायची की नाही हे बघून ठरवू नये, मोजून ठरवावं. कमीत कमी जाडी बहुतेक डिस्कवरच ओतलेली किंवा कोरलेली असते. गंजाखाली दिसत नसेल तर ब्रश मारा. या वर्गातल्या भरीव डिस्क नव्या असताना साधारण दहा मिलिमीटरच्या असतात आणि आठच्या खाली गेल्या की भंगारात. पण इथे एक गोम आहे. लायनर डिस्कच्या अगदी कडेपर्यंत घासत नाही, त्यामुळे बाहेरच्या काठाला न झिजलेली कडा राहते. व्हर्निअरचे जबडे त्या कडेवरच बसतात आणि साडेसातची डिस्क साडेनऊ दाखवते. मायक्रोमीटर नसेल तर दोन्ही बाजूंना झिजलेल्या भागावर एकेक नाणं ठेवा, नाण्यांसकट माप घ्या आणि नाण्यांची जाडी वजा करा. मी अजूनही गिऱ्हाइकासमोर हेच करतो. मायक्रोमीटरपेक्षा रुपयाच्या नाण्यावर लोकांचा विश्वास जास्त.

टर्निंगला माझा विरोध आहे. जाड डिस्क असेल आणि लेथ उत्तम असेल तर ते काम होतं, नाही असं नाही. पण जुन्या लहान गाडीची डिस्क मुळातच पातळ, त्यात बऱ्याच लेथांचा चक स्वतःच डुलतो. घासून आणखी पातळ केलेली डिस्क लवकर तापते आणि पुढच्या घाटात पुन्हा तेच. नव्या जोडीची किंमत दोन टायरांपेक्षा कमी पडते. बदलायची तर जोडीनेच. एका बाजूला नवी, एका बाजूला जुनी बसवली की ब्रेक लावताना गाडी एका अंगाला ओढू शकते.

खोलायचं काम फार अवघड नाही. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचे, मग जॅक आणि जॅकखेरीज घोडी. कॅलिपर सुटला की तो तारेने वर टांगायचा. रबरी नळीवर लोंबकळत ठेवला तर नळी आतून तुटते, आणि ते बाहेरून कळत नाही. मग ब्रॅकेट. यापुढे डिस्क हाताने निघायला हवी. समुद्रापासून दोन कोसांवर उभी राहिलेली गाडी असेल तर ती हबला अशी चिकटलेली असते की हातोडा घ्यावासा वाटतो. घेऊ नये, हातोड्याचा मार हबच्या बेअरिंगला बसतो. या डिस्कला दोन आट्यांची भोकं मुद्दाम दिलेली असतात. गंज सोडवायचं तेल मारा, त्यांत आठ मिलिमीटरचे दोन बोल्ट आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळत जा. खट् असा आवाज होतो आणि डिस्क हातात येते.

आता खरं काम सुरू होतं, आणि ते बिलावर दिसत नाही. डिस्क जिथे टेकते त्या हबच्या तोंडावर लालसर पापुद्रे असतात. स्टडच्या मुळाशी तर हमखास. त्यातली एक कणी जरी राहिली तरी नवी डिस्क किंचित तिरकी बसते. किंचित म्हणजे काठाला दहावा भाग मिलिमीटर. या गाडीचं चाक एका फेऱ्यात दीडपावणेदोन मीटर जातं, म्हणजे हजार किलोमीटरला सुमारे सहा लाख फेरे. प्रत्येक फेऱ्यात, ब्रेक न लावताही, तिरकी बाजू लायनरला पुसटशी घासून जाते आणि तेवढ्याच जागी झिजते. सुरुवातीला गाडी लोण्यासारखी थांबते, मालक खूश. चारपाच हजार किलोमीटरनंतर थरथर परत. मग तो दुकानदाराच्या नावाने बोंब मारतो की डुप्लिकेट डिस्क गळ्यात मारली. डुप्लिकेट माल बाजारात आहेच, पण परत आलेल्या बहुतेक गाड्यांत मला दोष हबवरच सापडतो. वायर ब्रश, मग पॉलिश पेपर, मग कोरडं फडकं. बोटाला खरखर लागेनाशी होईपर्यंत. डिस्क चढवून दोन नटांनी आवळायची आणि काठाजवळ डायल गेज लावून हाताने फिरवायची. काटा फार नाचला तर काढून हबवर एक भोक पुढे सरकवून बसवायची. कधी कधी एवढ्यानेच भागतं.

नवी डिस्क तेलात बुडवून पाठवलेली असते. ते तेल ब्रेक क्लीनरने धुतलं नाही तर नवे लायनर पहिल्याच दिवशी वाया. कॅलिपरच्या पिना सरकतात का तेही आत्ताच बघायचं. पिन जाम झाली की आतला लायनर लोखंडापर्यंत खलास होतो आणि बाहेरचा शाबूत राहतो. चाकाच्या फटीतून डोकावून “लायनर आहे की अजून” म्हणणाऱ्यांना हे कधीच दिसत नाही. पिस्टन मागे दाबताना डब्यातल्या ब्रेक ऑइलवर नजर हवी. लायनर झिजले की पातळी आपोआप उतरते. कुणी मधे वरून ओतलं असेल तर आता ते बाहेर येतं आणि बॉनेटखालचा रंग खातं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. डॉट ३ जातीचं ताजं ऑइल २०५ अंशांना उकळतं, ओलं झालेलं १४० ला. पावसाळे खाल्लेलं ऑइल डिस्कबरोबरच बदललेलं बरं. घाटात पेडल एकाएकी तळाला जातं त्याचं एक कारण हेच.

शेवटी नट, समोरासमोरचे, थोडे थोडे, टॉर्क पान्याने. ऑल्टोला साधारण ८५ न्यूटन-मीटर. पंक्चरवाल्याकडे एअर गनने एक नट बेसुमार आवळला, दुसरा तसाच, की घासून बसवलेली डिस्क पुन्हा ताणली जाते. यासाठी मी पाना गाडीतच ठेवायला सांगतो.

गाडी देताना मी स्वतः झारापच्या सरळ रस्त्यावर नेतो. पन्नासच्या वेगावरून वीसपर्यंत हलक्या पायाने ब्रेक, पुन्हा वेग, पुन्हा ब्रेक. मधे डिस्कला वारा लागू द्यायचा, आणि तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून उभं राहायचं नाही. मालकाला सांगतो, पहिले दोनतीनशे किलोमीटर जपून, आणि शंभर झाले की नट तपासायला या, पैसे नाहीत. येतात थोडेच. बाकीचे पंक्चर झाल्यावर एअर गनवाल्याकडे जातात.