बोलत्या शिराचा तंबू

साताऱ्याहून पंढरपूरच्या रस्त्याने पूर्वेस निघून कोरेगाव मागे टाकले, की मुलूख हळूहळू उघडा पडू लागतो. झाडी विरळ होते, टेकड्या बोडक्या दिसू लागतात, आणि पुढे पुसेगाव लागते. श्रीसेवागिरी महाराजांच्या समाधीचे हे गाव. मार्गशीर्षाच्या वद्य पक्षात येथे यात्रा भरते. रथावर भाविक नोटांच्या माळा चढवितात. आणि खिलारी बैलांचा बाजार असा भरतो, की माणसाहून जनावरासच येथे मान अधिक, असे पाहुण्यास वाटावे.

१९६६ साली आम्ही आठ भावंडे धाकट्या काकांबरोबर एस्. टी.ने या यात्रेस गेलो होतो. दर्शन झाले, रथ पाहिला. पण खरे सांगावयाचे तर आमचे सारे चित्त बाजाराच्या टोकाशी असलेल्या एका ठिगळांच्या तंबूत गुंतले होते. बाहेरच्या फळीवर धड नसलेल्या मुलीचे चित्र रंगविलेले होते. तिकीट पंचवीस पैसे. जुनी माणसे त्यास अजून चार आणेच म्हणत. काकांनी कपाळास आठ्या घालीत दोन रुपये मोजले व स्वतः बाहेरच थांबले.

आत कंदिलाचा मंद उजेड. दोरीपलीकडे तीन पायांचे मेज, मेजावर परात, आणि परातीत आमच्याच वयाच्या मुलीचे शिर! मेजाखाली पाहावे तो मोकळी जागा व मागचा तांबडा पडदा. शिराने डोळे उघडले, तंबूवाल्याने विचारलेल्या प्रश्नांस उत्तरे दिली. आमच्यातील सर्वांत धाकटी तर रडूच लागली.

ही युक्ती विलायतेतील. १८६५ साली लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये स्टोडेअर नावाच्या जादूगाराने ती ‘स्फिंक्स’ या नावाने दाखविली; कल्पना टॉबिन नामक गृहस्थांची. मेजाच्या पुढच्या पायापासून मागच्या दोन पायांपर्यंत दोन आरसे तिरपे बसवावयाचे. त्यांत बाजूचे पडदे दिसतात. ते मागच्या पडद्याच्याच रंगाचे असले, की पाहणारास आरपार दिसल्याचा भास होतो. माणूस आरशांमागे बसतो व मेजाच्या भोकातून मान वर काढतो. हे ज्ञान आम्हांस पुढे पुस्तकांतून झाले. त्या दिवशी आमचे गुरू म्हणजे एक भुईमुगाची शेंग.

आमच्यापैकी एकाने ती मेजाखाली भिरकावली. टक् असा आवाज झाला आणि एका शेंगेच्या दोन शेंगा दिसू लागल्या. “आरसा आहे! आरसा!” आम्ही आठहीजण ओरडलो. विद्वत्तेचा एवढा आनंद शाळेत कधी झाला नव्हता. लोक उठले, पैसे परत मागू लागले, कोणी दोरी तोडली. परातीतील शिर मात्र हलू शकत नव्हते. ते त्या दोन शेंगांकडे पाहत राहिले.

काकांना सारे कळले तेव्हा ते रागे भरले नाहीत. आम्हांस घेऊन ते तंबूच्या मागील अंगास गेले. तंबूवाला आरसे गोणपाटात गुंडाळीत होता. काकांनी पुढे केलेली पाच रुपयांची नोट त्याने घेतली नाही.

“पोरं हायती, दादा. आता हितं कोण येतंय बघाया? पौषात पालीच्या खंडोबाला लावू. तिथं कुणाला ठावं न्हाय.”

मुलगी चुलीपाशी बसून भाकरी खात होती. फळीच्या भोकाने तिच्या मानेभोवती लाल वळ उठला होता. पायांस मुंग्या आल्या असाव्यात. एका हाताने ती पोटऱ्या चोळीत होती. आम्ही उगीच उभे. तिने आम्हांस ओळखले, आणि किंचित हसून विचारले, “शेंगा हायत का अजून?”

आम्ही पिशवी उपडी केली. तीत टरफलेच उरली होती.