पेण-रोहा : परदेशी निघालेल्या लेकरांच्या वाटेवर

पनवेलहून रोह्याला जाणारी गाडी आपटा, जिते, हमरापूर करत पेणला येते. हमरापूर, जोहे आणि पेण या पट्ट्यात घरोघरी गणेशमूर्तींचे कारखाने आहेत. इथल्या मूर्ती इंग्लंड-अमेरिकेपर्यंत जातात. माती ही नाजूक वस्तू. ती समुद्रापार धाडायची तर खोक्यात चहूबाजूंनी मऊ भर घालावी लागते, आणि पलीकडे ती अलगद उतरवून घेणारा माणूसही लागतो. पेणच्या कारागिरांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. आम्ही निघालो होतो ते मात्र मूर्तींसाठी नव्हे. रोह्यातल्या एका परिचित घरातली मुलगी इंग्लंडच्या विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणासाठी निघणार होती. तिला दुआ द्यायची आणि तिच्या घरच्यांना धीर द्यायचा, हा आमच्या प्रवासाचा हेतू.

पेण म्हटले की पापड आणि पोहे आठवतात. त्याच पेण तालुक्यात गागोदे हे छोटे गाव आहे. 11 सप्टेंबर 1895 रोजी विनोबा भावे तिथे जन्मले. पुढे विनोबांनी कुरआनचा मनापासून अभ्यास केला, त्यासाठी अरबी शिकले, आणि निवडक आयतींचे संकलनही केले. आपल्या दारातल्या माणसाचे मन समजून घ्यायचे तर त्याची भाषा आणि त्याचा ग्रंथ वाचला पाहिजे, हे त्यांनी आचरणातून दाखवले. परक्याला आपलेसे करण्याचा याहून सरळ मार्ग आम्हाला ठाऊक नाही.

पेण सोडले की कासू, नागोठणे आणि मग रोहा. कोकण रेल्वेचा मार्ग इथूनच सुरू होतो, तो थेट मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत. गावाला बिलगून कुंडलिका वाहते. एका काठावर रोहा, दुसऱ्या काठावर अष्टमी, आणि दोन्ही मिळून नगरपालिका एक.

याच रोह्यात चिंतामणराव देशमुखांचे बालपण गेले. जन्म महाडजवळच्या नाते गावी, 14 जानेवारी 1896 चा. म्हणजे विनोबा आणि ते चार महिन्यांच्या अंतराने एकाच जिल्ह्यात जन्मले. वडील रोह्यात वकिली करत. 1912 साली मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात हा मुलगा पहिला आला. पुढे केंब्रिजच्या जीझस कॉलेजात वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकून 1917 मध्ये पदवी घेतली. 1918 साली लंडनला आय.सी.एस.ची परीक्षा दिली, तिथेही पहिला. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि देशाचे अर्थमंत्री म्हणून ते सर्वांना माहीत आहेत. आम्हाला त्या दिवशी आठवत होता तो पहिल्या महायुद्धाच्या काळात परक्या मुलखात शिकणारा विशीतला विद्यार्थी.

त्या काळी हिंदुस्थानी विद्यार्थ्याला तिथे आधार कोणाचा होता? केंब्रिजमध्ये 1891 पासून हिंदी विद्यार्थ्यांची ‘मजलिस’ होती. नावच किती ओळखीचे! तिथे वादविवाद होत, गप्पा होत, चार घटका आपल्या माणसांत गेल्याचे समाधान मिळे. जवाहरलाल नेहरूही विद्यार्थीदशेत तिथे जात. लंडनजवळ वोकिंगला भोपाळच्या बेगम शाहजहान यांच्या देणगीतून 1889 मध्ये मशीद उभी राहिली होती. इंग्लंडात शिकणारी मुस्लिम मुले ईदच्या नमाजासाठी तिथे गोळा होत. एका हिंदुस्थानी बाईच्या दानाचा हा लाभ हजारो मैलांवरच्या मुलांना झाला.

सरकारी व्यवस्थाही होती. 1909 साली हिंदी विद्यार्थ्यांसाठी लंडनमध्ये शैक्षणिक सल्लागार नेमला गेला, तो टी. डब्ल्यू. अर्नोल्ड. अलीगढला शिकवलेले, लाहोरला इक्बालांचे गुरू असलेले हे गृहस्थ. 21, क्रॉमवेल रोड या घरात कार्यालय आणि तात्पुरता मुक्काम अशी सोय झाली. पण कितीतरी विद्यार्थी तिकडे फिरकतच नसत. मदतीच्या नावाखाली आपल्यावर पाळत ठेवली जाते, असा त्यांना संशय होता. सल्लागार कितीही सज्जन असला तरी ज्या दारात संशय उभा असतो, त्या दाराने मूल आत येत नाही. विद्यापीठांनी आजही लक्षात ठेवावी अशी ही गोष्ट आहे.

रोह्यातल्या त्या घरी दुपारच्या जेवणानंतर दादीजाननी हाच प्रश्न विचारला, “फी भरलीत, तिकीट काढलेत. पण पोर आजारी पडली तर तिला तिथे कोण विचारील?” घरात क्षणभर कोणी बोलले नाही. मुलीचे अब्बा कर्जाच्या कागदांकडे बघत राहिले. मग मुलीनेच एकेक सांगायला सुरुवात केली.

तिथल्या बहुतेक विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र कार्यालय असते. सत्राच्या आरंभी स्वागताचा आठवडा असतो. बँकेत खाते उघडायला पत्र मिळते, डॉक्टरांकडे नोंदणी करायला सांगतात, अनेक ठिकाणी जुन्या विद्यार्थ्यांपैकी कोणी सोबती म्हणून नेमून देतात. इंग्रजी लेखनासाठी वर्ग असतात, मन खचले तर समुपदेशक असतो. बऱ्याच ठिकाणी नमाजासाठी खोली असते. मुस्लिम विद्यार्थ्यांची ‘इस्लामिक सोसायटी’ असते आणि रमजानात इफ्तार एकत्र होते. या संस्थांचा महासंघ ब्रिटनमध्ये 1963 पासून काम करतो आहे.

आम्ही त्यात थोडी भर घातली. उपचारांसाठी ब्रिटनच्या व्हिसासोबत आरोग्य अधिभार भरावा लागतो; विद्यार्थ्यांसाठी तो 2024 पासून वर्षाला 776 पौंड आहे. तो भरलेला आहे, तेव्हा दुखणे अंगावर काढू नये. पदवी आणि त्यापुढच्या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त 20 तास काम करता येते. त्या कमाईवर फी भागेल, असा हिशेब कोणी मांडू नये. नियम बदलत राहतात, म्हणून एजंटच्या शब्दावर विसंबू नये. विद्यापीठाच्या कार्यालयालाच पत्र घालून विचारावे. आणि सर्वांत मुख्य म्हणजे पहिल्याच आठवड्यात त्या कार्यालयात आपल्या पायाने जावे, तिथे बसणाऱ्या माणसाची ओळख करून घ्यावी. अडचण आल्यावर अनोळखी दार ठोठावणे फार जड जाते. दादीजान सगळे ऐकत होत्या. म्हणाल्या, “म्हणजे विचारणारे आहेत. पण हिनेही तोंड उघडले पाहिजे.” याहून चांगला सल्ला आम्हाला सुचला नसता.

मात्र दादीजानचा प्रश्न उलटाही विचारायला हवा. आपल्याकडे शिकायला आलेल्या लेकरांना कोण विचारते? सरकारी पाहणीनुसार 2021-22 मध्ये भारतात सुमारे 47 हजार परदेशी विद्यार्थी शिकत होते. नेपाळखालोखाल अफगाणिस्तानचा क्रमांक होता. पुण्यात तर अरब देशांतली, आफ्रिकेतली, अफगाणिस्तानातली मुले कित्येक वर्षे येत आहेत. फर्ग्युसन महाविद्यालयाच्या वसतिगृहाचे रेक्टर असताना शां. ब. मुजुमदारांनी एक दृश्य पाहिले. काविळीने आजारी, वेगळ्या खोलीत ठेवलेल्या मॉरिशसच्या विद्यार्थ्याला एक मुलगी खिडकीतून जेवण देत होती. परदेशी मुलांच्या एकटेपणाची जाणीव त्यांना तिथे झाली आणि 1971 साली ‘सिंबायोसिस’ सुरू झाले. एवढ्या मोठ्या संस्थेचे मूळ खिडकीतून आत गेलेल्या एका ताटात आहे.

ऑगस्ट 2021 मध्ये काबूलची सत्ता बदलली, तेव्हा पुण्यातल्या अफगाण विद्यार्थ्यांपुढे घरून पैसे कसे यायचे आणि व्हिसा संपला तर जायचे कुठे, असे प्रश्न उभे राहिले. त्यांतल्या काहींची घरे खाऊनपिऊन सुखी होती, पण परगावी हात रिकामे झाले. आपल्या दीनमध्ये अशा माणसाला नाव आहे, ‘इब्नुस्सबील’, वाटेचा पुत्र. सूरह तौबामध्ये जकातीचे जे आठ हक्कदार सांगितले आहेत, त्यांत तो आहे. तो आपल्या घरी संपन्न असला तरी प्रवासात अडला असेल तर त्याचा हक्क लागू होतो, असे फुकहांनी स्पष्ट केले आहे. म्हणजे त्याला मदत करणे हा आपला उपकार नव्हे, ते त्याचे येणे आहे.

चिंतामणराव पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले, आणि दिल्लीच्या इंडिया इंटरनॅशनल सेंटरचे संस्थापक अध्यक्षही. देशोदेशीच्या विद्वानांनी एकत्र बसावे, बोलावे म्हणून 1962 मध्ये उघडलेली ही वास्तू. समुद्रापार शिकून आलेल्या रोह्याच्या मुलाने इतरांसाठी असे दार उभारले. याच जिल्ह्यातल्या आंबेतचे अब्दुल रहमान अंतुले लंडनच्या लिंकन्स इनमध्ये बॅरिस्टर झाले आणि पुढे राज्याचे मुख्यमंत्री. या मातीतली मुले परदेशी जातात, हे काही नवे नाही.

रोह्याच्या त्या मुलीला परक्या गावात कोणीतरी ईदच्या दिवशी जेवायला बोलवावे, अशी आपण दुआ करतो. तशीच दुआ सुदानमधली, येमेनमधली, काबूलमधली एखादी आई पुण्यात शिकणाऱ्या तिच्या लेकरासाठी करत असेल. तिची दुआ पुरी करणे आपल्या हातात आहे. पुण्यामुंबईत राहणाऱ्या आपल्या कुटुंबांनी येत्या ईदला जवळच्या महाविद्यालयात विचारावे, घरी जाऊ न शकलेला एखादा परदेशी विद्यार्थी शोधावा, आणि दस्तरखानावर त्याच्यासाठी एक जागा ठेवावी.