पाखरे राखणारे, पाखरे पाहणारे

पाखरे हाकलणे हा आमच्या घरचा जुना उद्योग. ज्वारी हुरड्यात आली की शेतात माळा उभा राहायचा आणि आजी गोफण घेऊन त्यावर चढायची. पुढे ज्वारी गेली, द्राक्षबाग आली. पण पाखरू म्हणजे दाण्याचा वाटेकरी, ही समजूत गेली नाही. अशा घरातली मी पहिलीच महाविद्यालयात आले आणि पक्षी पाहण्याच्या नादाला लागले. "पाखरं बघून काय मिळतं गं?" हा आण्णांचा सरळ प्रश्न. त्याचे उत्तर शोधायला मी नांदूर मधमेश्वरला जात असते.

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ गेल्या शतकाच्या आरंभी शेतीच्या पाण्यासाठी बंधारा घातला गेला. नद्यांनी पाण्याबरोबर गाळ आणला. पाणी उथळ झाले, बेटे तयार झाली, पाणवनस्पती माजल्या. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात हा तोटाच. पक्ष्यांना मात्र आयते ताट वाढून मिळाले! १९८६ साली येथे अभयारण्य झाले. इराणमधील रामसर येथे १९७१ साली झालेल्या पाणथळ जागांच्या करारान्वये २०१९ मध्ये ते महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले.

हिवाळ्यात चापडगावच्या मनोऱ्यावर उभे राहावे. थापट्या बदक आपल्या रुंद चोचीने वरचे पाणी गाळते. तलवार बदक डोके बुडवून, शेपटी वर करून तळाशी चरते. लांब पायांचा शेकाट्या कडेच्या चिखलात टिपतो. पाणी एकच, पण ज्याची जशी चोच तसा त्याचा वाटा. वाटेकरी या शब्दाचा असाही अर्थ असतो, हे मला त्या मनोऱ्यावर कळले.

एकदा आजीला बरोबर नेले. दुर्बीण तिने बाजूला सारली. पाण्यावर काळ्या पक्ष्यांचा थवा होता. प्रत्येकाच्या कपाळावर पांढरा ठिपका. मी पुस्तकात पाहून सांगितले, "हा चांदवा." आजी म्हणाली, "चांदवा कशाचा? वारकरी हायेत ते. कपाळीचा टिळा बघ की!" पुस्तकात पुन्हा पाहिले, तर चांदव्याचे दुसरे नाव तेच होते. आमच्यासारख्याच कुणी अडाणी माणसाने ते ठेवले असणार! मारुती चितमपल्ली यांनी लोकांच्या तोंडची अशी नावे जन्मभर गोळा केली, ती उगीच नव्हे.

परतताना आजी बोलत राहिली. भोरड्या थव्याने ज्वारीवर उतरतात, पण टोळही त्याच खातात. टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस जास्त, असे जुने लोक मानत. जिला पीक राखायचे, तिला पाखरू आमच्यापेक्षा बारकाईने पाहावे लागते. माझे पाहणे हौसेचे. तिचे पोटासाठी होते.

आण्णांच्या प्रश्नाचे पुरते उत्तर अजून माझ्याजवळ नाही. एक वही मात्र केली आहे. डावीकडे पुस्तकातले नाव, उजवीकडे आजीचे. डावी बाजू ग्रंथालयात बसून केव्हाही भरता येईल. उजवीसाठी तशी सवड नाही. आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. परीक्षा संपली की पहिले काम तेच.