फरिश्त्याच्या तवारीखेतले पाथरी

मोहम्मद कासिम फरिश्ता हे नाव आपल्याकडे व्यासपीठावरून पुष्कळदा ऐकू येते. हसन गंगूची गोष्ट निघाली की फरिश्ता आलाच. हसन हा दिल्लीतल्या गंगू नावाच्या ब्राह्मण ज्योतिषाकडे चाकरीला होता. नांगरताना त्याला धन सापडले, ते त्याने इमानाने मालकाच्या हवाली केले आणि पुढे दख्खनचा सुलतान झाल्यावर मालकाचे नाव स्वतःच्या नावाला जोडले. सलोख्याच्या सभेत ही गोष्ट हमखास टाळ्या घेते. पण बहमनी राज्य उभे राहिले १३४७ साली आणि फरिश्त्याने हे लिहिले अडीचशे वर्षांनंतर. त्या काळच्या नाण्यांत आणि शिलालेखांत तिला आधार मिळत नाही, म्हणून जाणकार इतिहासकार ती खरी मानत नाहीत.

आम्ही वाशीम जिल्ह्यात उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. वर्गात मध्ययुग आले की आमची अडचण सुरू होते. आमच्या मुलांना बाहेर कोणी ना कोणी ऐकवतेच, तुम्ही बाहेरून आलेले. अशा वेळी फरिश्त्याचे एखादे सोयीचे पान पुढे करण्याचा मोह कोणाला होणार नाही?

आणि असे पान आहेही. अहमदनगरच्या निजामशाहीचा मूळ पुरुष मलिक हसन हा जन्माने ब्राह्मण, त्याचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी, असे फरिश्ता सांगतो. पाथरी म्हणजे आपल्या शेजारची. वाशीमहून हिंगोली, परभणी ओलांडली की आलीच. (अलीकडे साईबाबांच्या जन्मस्थानाच्या वादामुळे तिचे नाव सर्वांना माहीत झाले आहे.) त्या काळी ती वऱ्हाडच्या इमादशाहीत होती. बुऱ्हाण निजामशहाने वाडवडिलांचे गाव म्हणून ती मागितली, बदल्यात दुसरा मुलूख देऊ केला. अलाउद्दीन इमादशहाने नकार दिला. १५१८ साली बुऱ्हाणने ती लढून घेतली आणि आपल्या ब्राह्मण भाऊबंदांना दिली, असे फरिश्ता लिहितो. वऱ्हाडची इमादशाही स्थापन करणारा फतहुल्लाह हाही त्याच्या म्हणण्याप्रमाणे विजयनगरकडच्या हिंदू कुळातला. म्हणजे पाथरीसाठी लढणारी दोन्ही घराणी मुळात इथलीच!

हे वाचून मन सुखावते. पण थांबावे लागते. अहमदनगरच्याच दरबारात सय्यद अली तबातबाई याने ‘बुऱ्हान-ए-मआसिर’ लिहिली. त्यात निजामशाहीचा संस्थापक अहमद हा बहमनी सुलतानाचा मुलगा ठरतो. पाथरीचा कुलकर्णी कुठल्या कुठे गेला. एका घराण्याला एकच पिढी मागे दोन बाप कसे?

फरिश्त्याचे आयुष्य पाहिले की याचा थोडा उलगडा होतो. कॅस्पियन समुद्राजवळच्या अस्तराबादचा हा मुलगा बापाबरोबर अहमदनगरला आला. बाप गुलाम अली हिंदूशाह शहाजादा मीरान हुसेनचा उस्ताद झाला, तेव्हा कासिमही शहाजाद्याबरोबर शिकला. १५८८ साली मीरानने स्वतःचा बाप मुर्तजा निजामशहा याला मारून तख्त घेतले. त्या दिवशी फरिश्ता राजवाड्याच्या पहाऱ्यावर होता. जुन्या ओळखीने त्याचा जीव वाचला. वर्ष उलटायच्या आत मीरानही मारला गेला आणि १५८९ मध्ये फरिश्ता विजापूरला दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या चाकरीत गेला. १६०४ साली आदिलशहाची मुलगी शहाजादा दानियालला दिली, तेव्हा तिच्याबरोबर बुऱ्हाणपूरपर्यंत जाणाऱ्यांत तोही होता.

म्हणजे तबातबाई निजामशहाचे मीठ खात होता आणि फरिश्ता ते मीठ सोडून गेलेला होता. जुन्या धन्याचा पूर्वज कुलकर्णी होता हे त्याला बेधडक लिहिता आले. इब्राहिमने आपल्याला खुशामत न करता लिहायला सांगितले, असे तो नमूद करतो. ‘गुलशन-ए-इब्राहिमी’ त्याने १६०६-०७ च्या सुमारास पुरी केली आणि नंतर पुन्हा हात फिरवला. पण याच किताबात आदिलशाहीचा संस्थापक युसुफ कोण? उस्मानी सुलतान मुरादचा मुलगा, आईने भावाच्या तलवारीपासून वाचवून सावा शहराच्या सौदागराबरोबर पाठवून दिलेला! आजचे संशोधक यावर विश्वास ठेवत नाहीत. शेजाऱ्याचा पूर्वज पाथरीचा, धन्याचा मात्र थेट तुर्कस्तानचा शहाजादा.

इथे चीनच्या सिमा छियेनची आठवण होते. वडिलांचे अपुरे राहिलेले काम त्याने हाती घेतले होते. इसवी सनपूर्व ९९ मध्ये एका हरलेल्या सेनापतीची बाजू घेतली म्हणून सम्राट वूने त्याला खच्चीकरणाची सजा दिली. अशा अपमानानंतर त्याच्याकडून आत्महत्येची अपेक्षा होती. तो मात्र किताब संपवण्यासाठी जगला आणि १३० प्रकरणे लिहून गेला. फरिश्त्याला इतकी किंमत मोजावी लागली नाही. सालस, मेहनती, दरबारात जपून वागणारा माणूस होता तो; वैद्यकावरही त्याने एक किताब लिहिली. तरीही दख्खनच्या पाच शाह्यांबद्दल एवढे दुसऱ्या कोणी एकत्र ठेवले नाही, हेही खरेच. १८२९ मध्ये जॉन ब्रिग्जने त्याचा इंग्रजी अनुवाद काढला आणि पुढे साऱ्यांनी त्यावरूनच घेतले.

आता आम्ही वर्गात फळ्याचे दोन भाग करतो. एका बाजूला तबातबाई, दुसऱ्या बाजूला फरिश्ता. मग विचारतो, कोणी कोणाच्या दरबारात बसून लिहिले, आणि किती वर्षांनी? पाथरीची गोष्ट मुलांना खरी हवी असते. आम्हालाही हवी असते. म्हणूनच तिला हसन गंगूइतकेच कडक प्रश्न विचारतो. मुले आधी हिरमुसतात, मग वाद घालू लागतात.

एक तक्रार मात्र राहते. वऱ्हाडच्या इमादशाहीला फरिश्त्याने मोजकीच पाने दिली. तुफालखानाने आपल्या बालराजाला नरनाळ्यावर कैदेत ठेवले, मुर्तजा निजामशहाने वेढा घातला, १५७४ साली राज्य संपले, बस. बाकीचे वऱ्हाड अचलपूर, बाळापूरकडच्या जुन्या इमारतींवरच्या फारसी शिलालेखांत शोधावे लागते. ती अक्षरे आमची आठवीची मुले उर्दूच्या जोरावर वाचतात, पण अर्थ लागत नाही. म्हणून शनिवारी शाळा सुटल्यावर एक तास फारसीचा घेऊ लागलो आहोत. दहा-बारा जण बसतात, त्यांत मुली जास्त.