दर

कोणत्याही कामाला दर असतो, हे मी आमच्या घरात फार लवकर शिकलो. माझे वडील सांगलीच्या मार्केट यार्डात हमाल आहेत. आम्ही त्यांना आबा म्हणतो. हळदीच्या सौद्यांच्या दिवसांत ते घरी येतात तेव्हा बनियनपासून भुवयांपर्यंत पिवळे झालेले असतात. पोते उतरवायचा दर वेगळा, थप्पी लावायचा वेगळा, गाडी भरायचा वेगळा. टोळीतल्या कुणालाही हे दर तोंडपाठ असतात. ते आपोआप ठरलेले नाहीत. अण्णासाहेब पाटील यांच्यासारख्यांच्या लढ्यातून १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला, तेव्हा कुठे ओझे वाहणाऱ्याची मजुरी मंडळामार्फत जमा होऊ लागली. आबा चौथी शिकले आहेत, पण आपल्या कामाचा हिशेब ते चोख सांगतात. मी घरातला पहिला कॉलेजात आलेला मुलगा. मला मात्र माझ्या कामाचा दर सांगता येत नव्हता.

माझे काम म्हणजे फोटो काढणे. बी.ए.बरोबर मी आपल्याच महाविद्यालयातला छायाचित्रणाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम करतो. दोन सुट्ट्या मांडववाल्याकडे काम करून बावीस हजारांचा जुना कॅमेरा घेतला. यंदा सरांनी सांगितले, “परीक्षेला निवडक बारा फोटोंचा पोर्टफोलिओ आणा आणि सोबत दरपत्रक आणा. हौस वेगळी, व्यवसाय वेगळा.”

माझ्याजवळ अकराशे फोटो होते. त्यांतून बारा निवडणे म्हणजे अकराशेंतून एक हजार अठ्ठ्याऐंशी नाकारणे! आधी गेला आयर्विन पुलावरचा सूर्यास्त. १९२९ सालापासून उभा असलेल्या या पुलावर सांगलीतल्या प्रत्येक कॅमेरेवाल्याने एकदा तरी सूर्य मावळवला आहे. मग गेले कृष्णेच्या घाटावरचे दिवे. एकाच गोष्टीचे दोन चांगले फोटो शेजारी ठेवले की दोन्ही फिके पडतात, हे तेव्हा कळले. ‘फोटो चांगला आहे का?’ यापेक्षा ‘हा फोटो दुसऱ्या कुणाला काढता आला असता का?’ हा प्रश्न कामाचा ठरला. त्या प्रश्नाला पुरून उरलेले फोटो बहुतेक मार्केट यार्डातले निघाले. तिथे माझ्या वडिलांमुळे मला कुणी हटकत नाही.

फोटो निवडले, पण दरपत्रक कोरेच होते. तेवढ्यात आमच्या गल्लीतल्या काकूंकडे नातीचे बारसे निघाले. मी कागद घेऊन बसलो. बारशाला तीन तास आणि नंतर संगणकावर निवड, रंगदुरुस्ती यांना पाच तास, म्हणजे आठ तासांचा पूर्ण दिवस. बिगाऱ्याच्या हजेरीइतके सहाशे रुपये धरले. कॅमेरा तीन वर्षे चालेल आणि वर्षाला चाळीस कामे मिळतील असे मानले, तर त्याची झीज दर कामाला सुमारे एकशे पंच्याऐंशी. पेट्रोल व बॅटरी एकशे पंधरा. चाळीस प्रिंट दहा रुपयांप्रमाणे चारशे. दुरुस्तीसाठी बाजूला दोनशे. एकूण पंधराशे.

काकू म्हणाल्या, “आरं बाळा, तीन तासांचे पंधराशे? मोबाईलवर फुकट निघत्यात की!” त्यांचे तरी काय चुकले? त्यांना दिसणार होते ते तीन तासच. उरलेले पाच तास माझ्या खोलीत जाणार होते. मी बाराशे म्हणायच्या बेतात होतो. घरी आबा जेवत होते. ते म्हणाले, “दर उतरवू नगंस. एकानं उतरवला की आख्खी टोळी उतरती. पैसं कमी असतील तर पोती कमी उचल.” मी काकूंना वीस प्रिंट कमी देऊन तेराशे सांगितले. त्यांना ते पटले. दर तोच राहिला, काम कमी झाले. अर्थशास्त्राच्या तासाला मला हे इतके सोपे करून कळले नव्हते.

सर सांगतात, होमाई व्यारावाला यांना ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने सुरुवातीच्या फोटोंना प्रत्येकी एक रुपया दिला होता. देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून आज आपण त्यांना ओळखतो. परंतु त्यांचे सुरुवातीचे फोटो पतीच्या नावाने छापले जात. म्हणजे किमतीचा प्रश्न केवळ रुपयांचा नसतो. खाली नाव कुणाचे, हाही किमतीचाच भाग असतो.

हे मला लवकरच अनुभवाला आले. महाविद्यालयातल्या प्रदर्शनात मी आबांचा एक फोटो लावला होता. वाकलेली पाठ, तिच्यावर पोते, घामाने हळदीत उमटलेल्या रेघा. खाली शीर्षक होते, ‘पिवळे सोने’. नवे हॉटेल काढणाऱ्या एका गृहस्थांनी तो भिंतीसाठी मोठा करून मागितला आणि तीन हजार देऊ केले. प्रिंट व चौकटीचे चौदाशे वजा जाता सोळाशे उरणार होते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, कुणी पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो. हा फोटो मी आपणहून काढलेला, म्हणून मालक मीच. कायद्याने प्रश्न मिटला होता.

पण घरात मिटला नव्हता. ब्राझीलचे सेबास्तिआँव सालगादो यांनी १९८६ साली सेरा पेलादाच्या सोन्याच्या खाणीत मातीची पोती पाठीवर घेऊन शिड्या चढणारे मजूर टिपले. मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो काढणारे सुधारक ओलवे यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. त्यांचे काम पाहताना मी भारावून जातो. पण त्या फोटोंतली माणसे त्यांच्यासमोर रात्री जेवायला बसत नव्हती. माझ्या फोटोतला माणूस माझ्यासमोर भाकरी मोडत होता.

मी आबांना सारे सांगितले. त्यांनी फोटो हातात घेतला, बराच वेळ पाहिला. म्हणाले, “पाठ झ्याक आलीया. पर त्वांड कुठाय? ह्यो मीच, हे कुणाला कळायचं?”

“मग विकू नको का?”

“विक की. पाठ माझी, कॅमेरा तुझा. टोळीत पैसं सारखंच वाटत्यात. पर नाव लिव खाली.”

सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पोत्यातल्या मालाला नाव मिळाले, पोते उचलणारा बिननावाचाच राहिला. माझ्या ‘पिवळे सोने’ या शीर्षकातही तो नव्हता. मी ते शीर्षक काढले. आता तिथे आबांचे पूर्ण नाव, त्यांचा बिल्ला क्रमांक आणि ‘हमाल, मार्केट यार्ड, सांगली’ एवढेच आहे. आठशे रुपये त्यांचे, आठशे माझे. हॉटेलवाल्या गृहस्थांना नावाची पट्टी भिंतीवर नको आहे. पट्टीशिवाय फोटो द्यायचा नाही, असे मी कळवले आहे. हे लिहीपर्यंत त्यांचे उत्तर आलेले नाही. तीन हजार रुपये आमच्या घरात लहान रक्कम नाही, हेही इथे नमूद केले पाहिजे.

पोर्टफोलिओच्या शेवटच्या पानावर माझे दरपत्रक आहे. बारसे, साखरपुडा, पासपोर्ट फोटो, भिंतीवरची मोठी प्रिंट. खाली एक ओळ आहे : ‘फोटोतल्या माणसाचा वाटा किमतीत धरला आहे.’ परीक्षक या ओळीला किती गुण देतील, याचा हिशेब मात्र मी मांडलेला नाही.